देवाला नाही, ट्रस्टला

आमच्या गावच्या देवळाचा परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीची नक्कल, काढला, तर विश्वस्तांपैकी तिघे केव्हाच देवाघरी गेलेले. विश्वस्त बदलल्याची नोंद करणारा बदल अर्ज कोणी भरलाच नाही. कारभार मात्र जोरात. दानपेटी उघडते, नोटांना रबर लागतं, पावतीपुस्तक कुठाय ते विचारायचं नाही. विचारलं की आप्पाकाका म्हणणार, "देवाला कोर्टात खेचतोस होय रे?"

देवाला नाही काका, ट्रस्टला. 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा हिशेब ठेवा, ऑडिट करा म्हणतो. कलम 41ड खाली धर्मादाय आयुक्त विश्वस्ताला काढूही शकतात. कलम 50 चा दावा लावायचा तर किमान दोन हितसंबंधी माणसं आणि आयुक्तांची परवानगी हवी. परवानगीची अट जाचक आहे खरी, पण नसती तर भावकीच्या प्रत्येक भांडणात देव पक्षकार झाला असता!

वेळ लागतो म्हणाल तर पंढरपूर बघा. बडवे-उत्पात या तिथल्या पिढीजात पुजाऱ्यांचे हक्क काढणारा कायदा 1973 चा, सर्वोच्च न्यायालयात त्यावर पडदा पडला 2014 मध्ये. हाजी अलीचं त्यामानाने लवकर उरकलं. मजारीपर्यंत बायकांना जाऊ द्या, असा निकाल मुंबई हायकोर्टाने 2016 मध्ये दिला. आमचा कारभार आम्ही बघू, हे ट्रस्टचं म्हणणं तिथे टिकलं नाही.

आमच्याकडे अजून दुसऱ्या सहीवरच अडलंय. शेजारचा पोरगा तयार आहे, पण म्हणतो, जत्रा होऊ दे आधी.