तुम्ही विचारलंत म्हणून: व्हील ऑफ टाइमचा दहावा भाग वगळला तर चालेल का?

"नववा भाग संपलाय, पण सगळे म्हणतात दहावा फार रटाळ आहे, तो सोडून थेट अकरावा घेऊ का?" हे मला सारखं कोणी ना कोणी विचारतं, २०२१ला व्हील ऑफ टाइमवरची, म्हणजे रॉबर्ट जॉर्डनच्या चौदा भागांच्या फँटसी कादंबरीमालिकेवरची, वेब सिरीज आल्यापासून तर जास्तच. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. नववा भाग अजून वाचला नसेल तर इथेच थांबा, पुढे स्पॉयलर आहेत, मधे दहाव्यातला आणि अकराव्यातलाही एखादा येईल.

दहावा भाग म्हणजे क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट, जानेवारी २००३. या अख्ख्या मालिकेत माझा सगळ्यात जास्त हिरमोड केलेलं पुस्तक, पण ते संथ आहे म्हणून नाही. रॉबर्ट जॉर्डन पहिल्यापासून संथच लिहितो, कपड्यांवरची नक्षी, खानावळीतली शेकोटी, कोण कोणाकडे बघून नाक मुरडतंय, सगळं सगळं, आणि मला ते आवडतं, त्यामुळेच ते जग खरं वाटतं. चौथा भाग तरी कुठे धावतो? पण त्यात रुईडियन या जुन्या शहरातल्या काचेच्या खांबांमधून मालिकेचा नायक रँड चालत जातो आणि पावलापावलाला आयेल या वाळवंटातल्या लढवय्या लोकांचा इतिहास मागे मागे उलगडत जातो, ती प्रकरणं मी अजूनही काढून वाचते. असं काही हातात पडणार असेल तर मी कितीही पानं थांबायला तयार आहे.

आता नवव्याचा, विंटर्स हार्टचा शेवट आठवा. सैदिनवर, म्हणजे पुरुषांच्या वाट्याला आलेल्या जादूच्या शक्तीवर, तीन हजारांपेक्षा जास्त वर्षं डार्क वनचा, म्हणजे या जगातल्या सैतानाचा, डाग आहे, ती वापरणारा पुरुष आज ना उद्या वेडा होणारच, हे आपण पहिल्या पुस्तकापासून ऐकतोय. मालिकेची सुरुवातच मुळी अशा एका वेड्या झालेल्या माणसापासून होते, ज्याने स्वतःच्या हाताने बायकोमुलं मारलीयत आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. आणि नवव्याच्या शेवटी रँड आणि त्याच्या गावची नायनीव्ह मिळून तो डाग धुऊन काढतात! हे वाचल्यावर डोक्यात किती प्रश्न येतात, ज्या पुरुषांनी मरण स्वीकारूनच ही शक्ती उचलली त्यांना आता काय वाटेल, त्यांना पकडून शक्तीपासून कायमचं तोडणाऱ्या रेड आजाह या बायकांच्या गटाचं काय होणार, असं काही घडलंय यावर कोणाचा विश्वास तरी बसेल का. २०००च्या शेवटी ते पुस्तक वाचून ज्यांनी दोन वर्षं दहाव्याची वाट बघितली त्यांचा विचार करा.

आणि दहाव्यात होतं काय, तर काळ पुढेच सरकत नाही. पेरिन, मॅट, इलेन, एग्वेन या रँडच्या सोबत्यांपैकी प्रत्येकाची गोष्ट जॉर्डन मागे नेतो आणि डाग धुतला त्याच दिवसाच्या आसपास आणून ठेवतो, मग प्रत्येक ठिकाणी शक्ती जाणवणाऱ्या बायका हादरतात की लांब कुठेतरी एवढी प्रचंड शक्ती कोण वापरतंय, आणि आपल्याला तर ते माहितीच असतं, आपण ते डोळ्यांसमोर बघून आलोय. पहिल्यांदा असं वाचताना मजा येते, खरंच येते. पण तेच पुन्हा, आणि पुन्हा. एग्वेनच्या छावणीत निदान त्यातून ब्लॅक टॉवरशी, म्हणजे शक्ती वापरणाऱ्या पुरुषांच्या संघटनेशी, हातमिळवणी करायची का असा वाद तरी उभा राहतो, बाकीच्यांच्या आयुष्यात त्या घटनेने जवळजवळ काहीच बदलत नाही. आणि ज्याने हे केलं तो रँड पुस्तकात जेमतेम दिसतो. इलेनला सिंहासन मिळत नाही, पेरिनची कैदेत असलेली बायको फाईल सुटत नाही, मॅट आणि त्याने पळवून आणलेली राजकन्या ट्यूऑन सर्कशीबरोबर हळूहळू पुढे सरकत राहतात. या तिन्ही गाठी अकराव्यात, नाइफ ऑफ ड्रीम्समध्ये सुटतात, आणि इतक्या सुंदर सुटतात की दहाव्याचा जास्तच राग येतो, कारण लेखकाचा हात अजिबात उतरला नव्हता हे तेव्हा दिसतं.

मला यात सगळ्यात लागतं ते वेगळंच. अकरावा २००५ला आला आणि सप्टेंबर २००७ला जॉर्डन गेला, अमायलॉइडोसिस नावाच्या आजाराने, वय जेमतेम अठ्ठावन्न. शेवटचे तीन भाग त्याच्या नोट्सवरून ब्रँडन सँडरसनने पूर्ण केले, शेवटचा २०१३ला, आणि ते काम त्याने मनापासून केलंय, पण मॅट त्याच्या हातात तो मॅट राहिला नाही असं मला तरी वाटतं. मुख्य चौदांपैकी जॉर्डनने स्वतः पूर्ण केलेली पुस्तकं फक्त अकरा, आणि त्यातलं एक असं जागच्या जागी उभं राहण्यात गेलं. दहावा लिहिताना त्याला कुठे माहिती होतं, हे मला कळतं. तरी जीव हळहळतो.

तर, वगळू का? नका वगळू, आणि त्याचं कारण पेरिन आहे. पहिल्या भागात इलायस नावाचा रानात राहणारा माणूस त्याला सांगतो की या कुऱ्हाडीचा तिटकारा वाटतोय तोवर ती जवळ ठेव, ज्या दिवशी तिटकारा संपेल त्या दिवशी फेकून दे. तो भाग १९९०चा. आणि दहाव्यात, फाईलचा पत्ता लागावा म्हणून, पेरिन त्याच कुऱ्हाडीने एका कैद्याचा हात तोडतो, आपण काय झालोय ते त्याला दिसतं आणि तो ती कुऱ्हाड फेकून देतो. तेरा वर्षं जपून ठेवलेला धागा, कुठलंही भाषण नाही, लढाई नाही, बर्फात उभा असलेला एक लोहार. हे सारांशात वाचून काहीच हाती लागणार नाही. सो हॅबर गावातलं ते किडलेलं धान्य पाखडायचं प्रकरणही लोक कंटाळवाणं म्हणतात, मला मात्र ती घाबरलेली, अंगाला पाणी न लावलेली माणसं वाचून डार्क वनचा हात कुठवर पोचलाय ते लढायांपेक्षा जास्त कळलं.

एग्वेनचं शेवटचं प्रकरणही सोडू नका, अकराव्यातलं तिचं सगळं तिथूनच सुरू होतं. इलेनची प्रकरणं भराभर चाळलीत तरी चालेल, कोण कोणत्या घराण्याचं आणि कोणाच्या बाजूचं एवढं लक्षात ठेवा. आणि अकरावा आधीच आणून ठेवा.