मध्यम किमतीचा मेटल डिटेक्टर निवडताना

इंग्लंड आणि वेल्समध्ये शेतमालकाची परवानगी असेल तर त्याच्या रानात मेटल डिटेक्टर फिरवता येतो. संरक्षित प्राचीन स्मारकांच्या जागा तेवढ्या टाळाव्या लागतात. त्यामुळे सुगी संपून शेते मोकळी झाली की मी राहतो त्या सफोकच्या भागात कानाला हेडफोन लावून, मान खाली घालून संथपणे चालणारी माणसे दिसू लागतात. या छंदात नव्याने पडू पाहणारे मराठी मित्र मला हमखास विचारतात, की नेमके कोणते यंत्र घ्यावे. हे लेखन त्यांच्यासाठी आहे. मध्यम किंमत म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे साधारण २५० ते ७०० पौंडांची यंत्रे आहेत. त्याखाली काही कामाची यंत्रे मिळतात, पण त्यांत खेळणीही पुष्कळ असतात. आणि त्यावरची, म्हणजे एक्सपीचे डीअस २ किंवा मायनलॅबचे मॅन्टिकोर यांसारखी यंत्रे उत्तम असली, तरी यंत्राचे आवाज ओळखायला कान तयार झाल्याखेरीज त्यांची किंमत वसूल होत नाही.

दुकानात आणि जाहिरातींत सर्वांत जास्त बोलले जाते ते खोलीबद्दल. माझ्या मते निवडीचा हा सर्वांत कमकुवत निकष आहे. या किमतीतले कोणतेही बरे यंत्र नाण्याएवढी वस्तू अनुकूल जमिनीत वीत-सव्वा वीत खोलीवर दाखवते, आणि दोन यंत्रांमधला फरक असलाच तर दोन-चार बोटांचा असतो. शिवाय इंग्लंड-वेल्समधल्या जबाबदार डिटेक्टिंगच्या आचारसंहितेनुसार खोदकाम नांगरटीच्या थरापुरतेच ठेवायचे असते. त्याखालची माती पुरातत्त्वदृष्ट्या अविचल असण्याची शक्यता असते आणि तिथे हात थांबवून जाणकारांना बोलवायचे असते. १९९२ साली सफोकमधल्याच हॉक्सन गावी एरिक लॉज यांनी नेमके हेच केले. शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना त्यांना रोमन काळातली नाणी लागली. त्यांनी लगेच कळवले म्हणून सुमारे १५ हजार नाणी आणि सोन्याचांदीचे दागिने पुरातत्त्वज्ञांना जागच्या जागी नोंदवून काढता आले. हातोडाही सापडला आणि तोही आज ब्रिटिश म्युझियमकडे आहे. २००९ साली स्टॅफर्डशरमध्ये टेरी हर्बर्ट यांना मिळालेला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा तर नांगरटीच्या थरातच विखुरलेला होता, आणि त्यांच्या हातातले यंत्र नवे नव्हतेच. नांगर माती वर-खाली करत राहतो, त्यामुळे आज खाली असलेली वस्तू काही हंगामांनी वर येऊ शकते; दोन बोटे जास्त खोलीसाठी दोनशे पौंड मोजावेत असे मला वाटत नाही.

खरी कसोटी लागते ती लोखंडाच्या कचऱ्यात. जिथे माणसांची वस्ती होती तिथेच वस्तू मिळतात, आणि वस्ती म्हटली की खिळे आले. एका हाताच्या अंतरात चार गंजके खिळे आणि त्यांच्यामध्ये चौदाव्या शतकातला चांदीचा पेनी पडलेला असेल, तर खिळ्याचा आवाज संपवून पुढच्या धातूला वेगळा प्रतिसाद देण्याची यंत्राची चपळाई किती, यावर सगळे ठरते. इंग्रजीत याला रिकव्हरी स्पीड म्हणतात आणि डिटेक्टरवालेही तोच शब्द वापरतात. हा पेनी सव्वा ग्रॅमच्या आसपास वजनाचा, कागदासारखा पातळ असतो. सुटे पैसे हवेत म्हणून त्याआधीच्या काळात, १२७९ पर्यंत, पेनीचे दोन किंवा चार तुकडे करून वापरत, आणि असा पाव तुकडा तर नखाएवढाच असतो. म्हणून यंत्र पाहताना रिकव्हरी स्पीड आपल्याला कमी-जास्त करता येतो का आणि त्याला लहान कॉइल (जमिनीवरून फिरवायची खालची तबकडी) मिळते का, हे दोन प्रश्न मी आधी विचारतो. लहान कॉइलखाली एका वेळी कमी जमीन येते, त्यामुळे खिळा आणि नाणे वेगळे ऐकू येण्याची शक्यता वाढते. मोकळे, स्वच्छ रान असेल तर मात्र ११ इंची कॉइलने काम लवकर उरकते.

दुसरा मुद्दा फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे यंत्र जमिनीत सोडते त्या लहरींच्या कंपनसंख्येचा. साधारणपणे कमी फ्रिक्वेन्सी मोठ्या आणि सुवाहक वस्तूंना, म्हणजे जाड चांदी-तांब्याला, चांगली लागू पडते, तर जास्त फ्रिक्वेन्सी बारीक आणि कमी वाहक वस्तू, जसे पातळ तुकडे किंवा सोन्याचे लहान दागिने, चांगल्या टिपते. एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला यांतली एक बाजू धरावी लागते; एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारे यंत्र दोन्हींचा मेळ घालते. नांगरलेल्या शेतात हा फरक जाणवतो, पण तो निर्णायक नसतो. समुद्रकिनाऱ्यावर मात्र असतो: ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहते, एका फ्रिक्वेन्सीचे यंत्र तिलाच धातू समजून सतत कुरकुरते आणि ते शांत करायला संवेदनशीलता इतकी उतरवावी लागते की यंत्र नेण्यात फारसा अर्थ उरत नाही.

आता प्रत्यक्ष यंत्रे. तुर्कस्तानच्या नोक्ता कंपनीचे सिम्प्लेक्स २०१९ साली आले आणि त्याने स्वस्त यंत्रांचा दर्जाच वर नेला. एकच फ्रिक्वेन्सी (त्या मूळ यंत्रात १२ किलोहर्ट्झची), पाण्यात चालणारी बांधणी, आत चार्ज होणारी बॅटरी. फक्त शेतात फिरायचे असेल आणि पैसे बेताचे असतील तर त्याला नावे ठेवायला जागा नाही. त्याच पातळीवर ऑस्ट्रेलियाच्या मायनलॅबचे एक्स-टेरा प्रो आहे. त्यात ५, ८, १० आणि १५ किलोहर्ट्झमधून एक निवडता येते, पण एका वेळी एकच. मला त्याचे आवाज सिम्प्लेक्सपेक्षा अधिक बोलके वाटतात, हा अर्थात कानाचा प्रश्न आहे.

मायनलॅबचेच व्हॅन्क्विश ५४० हे चमत्कारिक यंत्र आहे. त्यात अनेक फ्रिक्वेन्सी एकाच वेळी चालतात, किनाऱ्यावर ते आपल्या किमतीच्या मानाने फार चांगले वागते, चालू केले की दुसऱ्या मिनिटाला शोध सुरू. परंतु ही सोय आपल्या हातातले नियंत्रण काढून घेऊनच मिळालेली आहे: ग्राउंड बॅलन्स (जमिनीतल्या खनिजांचा गोंधळ वगळण्याची जुळवणी) आणि रिकव्हरी स्पीड दोन्ही यंत्र स्वतःच ठरवते. शिवाय कॉइल पाण्यात गेलेली चालते, पडदा आणि बटणे असलेला वरचा डबा नाही. इंग्लंडच्या पावसात त्यावर प्लास्टिकचे आवरण घालून फिरावे लागते. सुटीत कधीतरी किनाऱ्यावर जाणाऱ्याला मी हेच सुचवेन. अमेरिकेच्या गॅरेटचे एस एपेक्स वजनाने हलके आणि याच वर्गातले, पण वरचा डबा जलरोधक नसण्याची अडचण तिथेही आहे.

खरी रस्सीखेच आहे ती नोक्ता लेजंड आणि मायनलॅब इक्विनॉक्स ७०० यांच्यात. इक्विनॉक्सचे पहिले दोन अवतार, ६०० आणि ८००, २०१८ साली आले आणि अनेक फ्रिक्वेन्सींचे तंत्र मध्यम किमतीत आणणारे म्हणून ते गाजले. ७०० मध्ये कार्बन फायबरची दांडी आहे, ते ५ मीटर पाण्याखाली चालते आणि वस्तू कोणती असावी हे सुचवणाऱ्या, पडद्यावरच्या आकड्यांची पट्टी उणे १९ ते ९९ अशी रुंद आहे. लेजंड २०२२ साली थेट इक्विनॉक्सशी टक्कर द्यायला उतरले. त्याची पट्टी १ ते ६० इतकी आटोपशीर आहे, पण एकेकटी फ्रिक्वेन्सी वापरायची झाली तर २० आणि ४० किलोहर्ट्झचीही सोय आहे, जी मायनलॅबमध्ये हवी असेल तर ७०० सोडून ९०० कडे जावे लागते. किनाऱ्यावर ७०० मला अधिक शांत वाटते. खिळ्यांच्या रानात, लहान कॉइल लावून, मी लेजंडच्या बाजूने आहे, आणि माझी परवानगी अशाच रानांची असल्याने मी तेच घेतले. मी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर राहत असतो तर उत्तर उलटे असते.

पडद्यावरच्या आकड्यांवर फार विसंबू नये, हे मात्र कोणत्याही यंत्राला लागू आहे. तो आकडा वस्तूची वाहकता, आकार आणि जमिनीतली स्थिती यांचा एकत्रित अंदाज असतो. सोन्याची पातळ अंगठी आणि डब्याच्या झाकणाची कडी एकाच आकड्यावर येऊ शकतात. मोठा, वाकडा खिळा तर चांदीचा सुंदर आवाज काढून फसवतो. काही शेतांत खत म्हणून बागेतल्या कचऱ्याचे कंपोस्ट टाकलेले असते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचे चूर झालेले तुकडे असतात. अशा रानात महागडे यंत्रही हतबल होते. तिथून सरळ दुसऱ्या शेताकडे वळावे.

महाराष्ट्रात गावी हे यंत्र आणावे का, असेही विचारले जाते. आणू नये. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे; जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि संरक्षित गडकिल्ल्यांवर खोदणे हा गुन्हा आहे. इंग्लंडमध्येही सापडले ते आपले असे नसते: कायद्याने निधी ठरणारी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते, आणि २०२३ पासून २०० वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्या आहेत.

यंत्रावर सगळे पैसे संपवू नयेत. शंभर-सव्वाशे पौंड पिनपॉइंटरसाठी, म्हणजे खड्ड्यातली नेमकी जागा दाखवणाऱ्या हातातल्या छोट्या यंत्रासाठी, राखावेत, कारण ओल्या ढेकळात नखाएवढा तुकडा बोटांनी शोधताना निम्मा दिवस जातो. मजबूत फावडे हवे. जुने यंत्र घेताना बनावट मालापासून जपावे. विशेषतः मायनलॅबच्या नकला बाजारात आहेत, म्हणून अनुक्रमांक पाहून, शक्यतो अधिकृत विक्रेत्याच्या पावतीसकट घ्यावे. आणि डिटेक्टरवाल्यांच्या राष्ट्रीय परिषदेचे सदस्यत्व घ्यावे. त्यात दुसऱ्याच्या नुकसानीबद्दलचा विमा येतो, आणि काही शेतमालक परवानगी देण्यापूर्वी तोच आहे का ते विचारतात.