'थांब, तुझं नेटच पाडतो' म्हणाला आणि नेट गेलं

मॅच चालू असताना समोरच्या टीममधल्या एकाने चॅटमध्ये ही धमकी दिली आणि थोड्याच वेळात माझं नेट खरंच गेलं. मग काय, आमच्या ग्रुपवर सगळे एका सुरात, डीडॉस झालाय (म्हणजे कोणीतरी ढीगभर पॅकेट्स मारून लाइन तुंबवलीय), आयपी (नेटवरचा पत्ता) बदल, व्हीपीएन घे. त्यात राउटरचा लॉग उघडला तर 'डॉस अटॅक, एसीके स्कॅन' अशा ओळीच ओळी.

मला काही ते पटेना. गेम डेडिकेटेड सर्व्हरवर चालतो, म्हणजे सगळे गेमवाल्यांच्या सर्व्हरलाच जोडलेले, मग माझा आयपी त्या धमकी देणाऱ्याला दिसणार कुठून? (पीअर टू पीअर, म्हणजे खेळाडू थेट एकमेकांना जोडलेले असते तर गोष्ट वेगळी.) लॉगमधले आयपी हूइजमध्ये (आयपी कोणाचा ते सांगणारी सोय) टाकून बघितले तर बरेचसे गूगलचे नाहीतर कुठल्यातरी सीडीएनचे (साइट्सचा मजकूर पुरवणारे सर्व्हर), म्हणजे मीच उघडलेल्या साइट्सची उशिरा पोचलेली पॅकेट्स, त्यांनाच राउटर अटॅक म्हणत बसलेला. आणि नेट मस्त चालू होतं त्या वेळच्याही तसल्याच ओळी होत्या की! वर माझा वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला) १००.७० ने सुरू होणारा, म्हणजे सीजीनॅट, एकच पब्लिक आयपी कितीतरी गिऱ्हाइकांत वाटलेला, त्यावर कोणी मारा केलाच तर तो आधी कंपनीच्या मशीनवर आदळणार.

मग वायफाय बाजूला ठेवून लॅन केबल लावली आणि दोन विंडोत पिंग (उत्तर येतं का आणि किती वेळात, ते बघणं) चालू ठेवलं, एकीत घरचा राउटर १९२.१६८.१.१, दुसरीत बाहेरचा गूगलचा सर्व्हर ८.८.८.८. रात्री परत नेट गेलं तेव्हा राउटरचं उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येत होतं आणि बाहेरचं सगळं 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. तसाच उठून फायबरच्या डब्याकडे बघितलं, एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही) लाल दिवा लुकलुकतोय. इथेच विषय संपला, कारण कोणी कितीही पॅकेट्स मारली तरी लाइन तुंबेल, पिंग हजारावर जाईल, पण वायरीतला प्रकाश काही विझणार नाही.

कस्टमर केअरचं एकच, 'सर, राउटर रीस्टार्ट करून बघा'. शेवटी टेक्निशियन आला, तोही आधी वायफायचा चॅनेल बदलायला निघाला होता, मी म्हटलं दादा, आरएक्स पॉवर उणे २९ दाखवतंय ते आधी बघा. (आरएक्स पॉवर म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये; उणे २७ च्या खाली गेलं की लिंकचा भरवसा नसतो.) मग गपचूप पॉवर मीटर काढला. बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यावर वायर झिपटायने इतकी आवळलेली की काटकोनात दुमडलेली, आणि वारा सुटला की तिथेच हलायची. तेवढा तुकडा कापून नवीन जोड मारला, पॉवर उणे २० वर आली, तेव्हापासून एकदाही डिस्कनेक्ट नाही.

तुमचंही असं होत असेल तर नेट जाऊन येतं तेव्हाच डब्याच्या सेटिंगमधल्या ऑप्टिकल पॉवरच्या (तीच आरएक्स पॉवर) पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, टेक्निशियन दारात आला की नेमकं सगळं सुरळीत चालतं.