लाल पाण्यातला तेरडा

पेलाभर लाल पाणी, त्यात खोवलेली एक फांदी, आणि ‘बघा, झाड पाणी पितं!’ असं सांगणारं कुणीतरी मोठं माणूस. मुलांच्या प्रयोगांत इतका स्वस्त प्रयोग दुसरा नसेल. तरीही तो बऱ्याचदा फसतो. आणि जमला, तरी त्यातून जे शिकवलं जातं ते बहुतेक वेळा अर्धवट असतं. फसण्याची कारणं स्वयंपाकघरात सापडतात, अर्धवटपणाची मात्र आपल्या ‘पितं’ या समजुतीत.

या प्रयोगाला तेरड्यासारखं झाड नाही. खोड रसरशीत, जवळजवळ पारदर्शक, पेरांपाशी फुगीर. उजेडासमोर धरलं की आतल्या उभ्या शिरा नुसत्या डोळ्यांना दिसतात. पावसाळ्यात तो कुंपणाकडेला फुकटात उगवतो, आणि कोकणात तेरड्याच्या गौरी बसतात तेव्हा बाजारात त्याच्या जुड्याच येतात. फूल गुलाबी असलं तरी बिघडत नाही, कारण रंग खोडात बघायचा असतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते त्याच्या फुलांबद्दल खरं असेल, पण खोडात शाई चढायला त्याला तासभरही पुरतो. पावसाळा सरला की निशिगंधाची छडी किंवा पांढरी शेवंती घ्यावी. मात्र त्यांना दम धरावा लागतो. सकाळी ठेवलेल्या निशिगंधाच्या पाकळ्यांत रंग नीट दिसायला रात्र होते, कधी दुसरा दिवसही उजाडतो.

आता रंग. सगळ्यात जास्त प्रयोग इथे मरतात. रंग पाण्यात खरोखर विरघळलेला हवा, नुसता तरंगत राहिलेला नको. हळद, कुंकू, पोस्टर कलर, कपड्यांच्या निळीची पूड, हे सगळे बारीक कण आहेत. दिसायला पाणी रंगीत होतं, पण कण कापलेल्या टोकाशीच अडकतात आणि नळ्यांची तोंडं बुजवतात. ओळखायची सोपी रीत अशी: पेला तासभर हलवू नका. तळाशी गाळ बसला तर तो रंग आपल्या कामाचा नाही. बिटाचा रस पुष्कळांना सुचतो, तो नैसर्गिक म्हणून आवडतोही, पण त्यात पेशींचा चोथा आणि साखर असते. एका रात्रीत पाणी बुळबुळीत होतं आणि फांदी मान टाकते.

लाल शाई उत्तम. फाउंटन पेनची जुन्या धाटणीची लाल शाई म्हणजे बहुधा इओसिन, पाण्यात विरघळणारा लाल रंग. भरपूर पाणी घातलं की तिच्यात हिरवट झाक दिसते, ती बघण्यासारखी असते. एक भाग शाई, तीन भाग पाणी. खाद्यरंगाची पूड असेल तर 100 मिलिलिटर पाण्यात चहाचा पाव ते अर्धा चमचा. पाणी गडद दिसायला हवं, कारण पाकळीत पोचेपर्यंत तो रंग फिकाच होणार आहे. ‘दोन थेंब टाका’ असं सांगणारी पुस्तकं मुलांची निराशा करतात. पण चमचे ओतत सुटायचंही नाही. फार दाट द्रावण उलट झाडातलंच पाणी ओढून घेतं आणि फांदी सुकते.

शाळेच्या प्रयोगशाळेत सॅफ्रनिन किंवा मिथिलिन ब्लू हाताशी असतं, म्हणून तेच वापरलं जातं. हे रंग धन प्रभाराचे, आणि जलवाहिन्यांच्या, म्हणजे खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या, भिंती ऋण प्रभाराच्या. रंग वाटेत भिंतींनाच चिकटत राहतो. खोडाचा छेद घेऊन जलवाहिन्या बघायच्या असतील तर हे छानच, पण पाणी किती उंच गेलं ते मोजायचं असेल तर फसवणूक होते. पाणी पुढे निघून गेलेलं असतं आणि रंग मागे रेंगाळत असतो. इओसिन ऋण प्रभाराचं, म्हणून ते पाण्याबरोबर बऱ्यापैकी चालतं.

फांदी वीतभर लांबीची पुरे. कापायची पाण्याखाली. थाळीत पाणी घ्यायचं, देठ त्यात बुडवायचा आणि बुडलेल्या भागातच धारदार ब्लेडनं दोन-तीन सेंटिमीटर छाटायचं. ब्लेड अर्थातच मोठ्यांच्या हातात. हा उपद्व्याप कशासाठी? तर झाडाच्या नळ्यांतलं पाणी ताणलेलं असतं. हवेत कापलं की ते झटकन आत सरकतं आणि मागून हवा शिरते. हवेचा बुडबुडा बसलेली नळी वाहून न्यायच्या कामातून गेली. फुलवाल्याकडून आणलेल्या छडीचं टोक तर आधीच सुकलेलं असतं, म्हणून ती नव्यानं कापणं भागच. कात्री नको, तिनं रसाळ देठ चेंगरतो. तिरका छेद घ्यावा असं सगळीकडे सांगतात. त्याचा खरा उपयोग एवढाच, की टोक पेल्याच्या तळाला सपाट चिकटून बसत नाही. रंगीत पाणी तीन-चार सेंटिमीटर खोल असलं तरी पुरतं, आणि पाण्यात बुडणारी पानं काढून टाकावीत, नाहीतर ती कुजतात.

मग पेला खिडकीशी, वारा लागेल असा ठेवायचा. श्रावणात दमट कोपऱ्यात ठेवलेली फांदी ढिम्म राहते आणि दोष शाईला जातो.

अर्ध्या तासानं तेरडा उचलून उजेडासमोर धरा. खोडात लालसर रेघा वर गेलेल्या दिसतील. अख्खं खोड लाल झालेलं नसतं, रंग फक्त ठरावीक वाटांनी चढलेला असतो. हीच या प्रयोगातली बघण्याची जागा. रेघ जिथे संपलीशी वाटते त्याच्या थोडं खाली खोड आडवं कापा, मिलिमीटरभर जाडीची चकती काढा आणि पांढऱ्या बशीत पाण्याच्या थेंबावर ठेवा. परिघाच्या जवळ लाल ठिपक्यांचं कडं दिसेल. मधला गाभा कोरा, बाहेरची साल कोरी. आता निशिगंधाची तशीच चकती शेजारी ठेवा. तिथे कडं नाही, ठिपके अंगभर विखुरलेले. द्विदल (तेरडा) आणि एकदल (निशिगंध) यांतला जो फरक वहीत तक्त्यानं पाठ करावा लागतो, तो इथे बशीत दिसतो. हात दुखेपर्यंत आकृत्या काढून घेणाऱ्यांनी ही बशी आधी दाखवायला हवी. झाडांना रंग पाजून बघायची युक्ती तशी जुनी आहे. फ्रान्समध्ये साराबा यांनी 1733 मध्ये फायटोलाका या वनस्पतीच्या फळांचा लाल रस फांद्यांना देऊन असंच दाखवलं होतं, की रंग लाकडातून चढतो, सालीतून नाही.

आता ‘का चढतो’. इथे ठरलेलं उत्तर येतं: केशाकर्षण, म्हणजे बारीक नळीत पाणी आपसूक वर चढणं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. ऐकायला बरं, पण हिशेबाला न टिकणारं. जलवाहिनी 0.05 मिलिमीटर रुंद धरली, तर केशाकर्षणानं पाणी चढेल साधारण 60 सेंटिमीटर. तेरड्याचं भागेल, पण वीस-पंचवीस मीटरच्या माडाचं काय? शिवाय केशाकर्षणाला रिकामी नळी लागते, आणि ताज्या फांदीतल्या नळ्या आधीच भरलेल्या असतात. हवेच्या दाबावर हवाला ठेवावा, तर तो पाण्याला जेमतेम 10 मीटर वर ढकलतो, त्यापुढे नाही. मुळांचा दाब असतो खरा. पहाटे अळवाच्या पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब त्यानंच ढकललेला. पण आपल्या पेल्यातल्या फांदीला मुळंच नाहीत.

मग उरतं पान. पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, पाण्याची वाफ उडते, उडालेल्याच्या जागी मागचं पाणी सरकतं, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की अख्खा धागाच्या धागा वर ओढला जातो. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी हे 1894 मध्ये मांडलं. त्याच्या थोडं आधी जर्मनीत स्ट्रासबर्गर यांनी उंच झाडाचं कापलेलं खोड पिक्रिक आम्लात उभं केलं होतं. खोडातल्या जिवंत पेशी त्या विषानं मेल्या, तरी नंतर दिलेला रंग वर चढतच राहिला. जगदीशचंद्र बोस यांचं मत वेगळं होतं. जिवंत पेशींच्या स्पंदनांनी रस चढतो, असं त्यांनी 1923 मध्ये मांडलं. ते पुढे टिकलं नाही, पण झाडाकडे ते ज्या बारकाईनं बघत होते तिला तोड नव्हती.

हे मुलांना सांगायची गरज नाही, दाखवता येतं. सारख्या आकाराच्या, सारख्या पानांच्या तेरड्याच्या दोन फांद्या घ्या. एकीवर मंद पंखा सोडा. दुसरीवर प्लास्टिकची पारदर्शक पिशवी उपडी घालून देठापाशी सैलसर बांधा. तासाभरानं दोन्ही खोडं तळापासून एकेक सेंटिमीटर कापत वर जा आणि शेवटचा लाल ठिपका कुठे दिसतो ते मोजा. पिशवीतली फांदी मागे पडलेली असते. पिशवीतली हवा दमट झाली की वाफ उडणं मंदावतं आणि ओढही ढिली पडते. केशाकर्षणानं रंग चढत असता, तर पिशवीनं त्याला काय फरक पडला असता? जमल्यास तिसरी फांदी घ्या, तिच्या पानांना खालच्या बाजूनं व्हॅसलीन चोपडा. पर्णरंध्रं बहुतेक खालीच असतात.

यावरून आणखी एक गाठ सुटते. ‘फूल रंगलंच नाही’ अशी तक्रार येते तेव्हा फांदीवर बहुधा भरपूर पानं असतात. ओढणारी पानं, म्हणून रंग पानांकडे जातो आणि फूल पांढरंच राहतं. वेग बघायचा तर पानं ठेवा, फूल रंगवायचं तर बहुतेक पानं खुडा. रंगलेल्या पाकळीच्या कडा जास्त गडद दिसतात, कारण पाणी तिथून उडतं आणि रंग मागे साठत जातो.

मुळासकट उपटलेलं रोप पेल्यात ठेवून ‘मुळं पाणी शोषतात’ असं दाखवायची पद्धत आहे. त्यात एक गोम आहे. धडधाकट मूळ असे बरेचसे रंग आत घेतच नाही. मुळाच्या आतल्या एका थरात पेशींभोवती मेणचट पट्टी असते, आणि पेशींच्या मधून चोरवाटेनं येणारं सगळं तिच्यापाशी अडतं. उपटताना मुळं तुटतात, आणि त्या तुटक्या टोकांतून रंग आत शिरतो. मातीसकट अलगद काढून, पाण्यात हलवून धुतलेलं रोप लावलं तर रंग फार हळू चढतो, किंवा चढतच नाही. दोन्ही शेजारी ठेवली तर तो वेगळाच प्रयोग होतो, आणि पहिल्यापेक्षा सरस.

फांदी किती पाणी ओढते त्याचे आकडे हवे असतील तर रंगही नको. अरुंद तोंडाच्या बाटलीत साधं पाणी, त्यात फांदी, वर खाण्याच्या तेलाचा पातळ थर, म्हणजे पाणी बाटलीतून परस्पर उडत नाही. पातळीशी बाहेरून खूण करा आणि दर तासाला नवी खूण करत जा. उन्हात, सावलीत, पंख्याखाली, पानं निम्मी केल्यावर. तेल मात्र फांदी आत गेल्यावरच ओतायचं. आधी ओतलं, तर देठाचं टोक तेलातून जाताना माखतं, आणि पातळी संध्याकाळपर्यंत हलत नाही.