चुकीचं स्पेलिंग हाच पुरावा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच, कधी मावसभावाकडून, कधी ऑफिसातल्या नवीन पोरांकडून: "ताई, फीनिक्स राइटचा पहिला गेम संपवला, दुसऱ्याचं इंग्लिश गचाळ आहे म्हणतात, मग तो सोडून डायरेक्ट तिसरा घेऊ का?"

नका सोडू. इंग्लिश गचाळ आहे हे खरंय, तरी नका सोडू.

ज्यांना हे काय चाललंय ते कळत नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. 'एस अटर्नी' ही जपानी गेमची सिरीज, मूळ नाव 'ग्याकुतेन साइबान', पहिला भाग २००१ साली गेम बॉय ॲडव्हान्स ह्या हातात धरायच्या गेमच्या यंत्रावर आला, लिहिणारा शू ताकुमी. तुम्ही बचाव पक्षाचे वकील, फीनिक्स राइट. साक्षीदार साक्ष देतो, ती एकेक वाक्य करून समोर येते, तुम्ही मागेपुढे करत वाचायची, आणि जिथे एखादं वाक्य तुमच्याकडच्या पुराव्याशी जुळत नाही तिथे पुरावा आपटून ओरडायचं. जपानीत "इगी आरी!", इंग्लिशमध्ये "ऑब्जेक्शन!", आपल्या कोर्टात "हरकत आहे". पळणं नाही, गोळ्या झाडणं नाही, नुसतं वाचन. म्हणजे ज्या गेममध्ये भाषांतर बिघडलं तर गेमच बिघडतो असा हा प्रकार, आणि नेमकं ह्याच्याच दुसऱ्या भागात, 'जस्टिस फॉर ऑल'मध्ये, ते बिघडलं. जपानमध्ये हा २००२ ला आला, इंग्लिशमध्ये अमेरिकेत डीएसवर (निन्टेन्डोचं तसंच पुढचं यंत्र) २००७ ला.

मी तो हॉस्टेलवर रूममेटच्या सेकंडहँड डीएसवर खेळले, रात्री पांघरुणात, चार्जरची वायर ताणून. शेवटच्या केसमध्ये मी हरले. ह्या केसमध्ये अगदी शेवटी हरलात तर नेहमीचा गेम ओव्हर येत नाही, वेगळा वाईट शेवट येतो, आणि त्यात एक ओळ येते: "द मिरॅकल नेव्हर हॅपन." चमत्कार कधी घडला नाही, असं म्हणायचंय त्यांना, पण 'हॅपन्ड'मधला शेवटचा 'ड' गायब. आता मी दहावीपर्यंत मराठी मीडियमची, मला काय वाटलं असेल? वाटलं हे काहीतरी साहित्यिक इंग्लिश असणार, आपल्याला शिकवलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉन्व्हेंटवाल्या मैत्रिणीला दाखवलं तर ती म्हणाली अगं चूक आहे ती सरळसरळ. इतकं बरं वाटलं ना मला! केस हरले, क्लायंटचं वाटोळं झालं, पण व्याकरणात मी बरोबर होते. नंतर कळलं ही ओळ फॅन लोकांमध्ये फेमस आहे, सगळेच हिची टिंगल करतात.

पण टिंगल बाजूला ठेवा, खरी गंमत पुढे आहे, आणि त्यासाठी थोडे स्पॉयलर देणार आहे, ज्यांना नको त्यांनी शेवटचा पॅरा वाचून निघा.

ह्याच गेमची पहिली केस. मेलेला माणूस पोलिस, आणि त्याच्या बोटाजवळ वाळूत त्याच्या मैत्रिणीचं नाव लिहिलेलं, मॅगी. म्हणजे मरताना खुन्याचं नाव लिहून गेला, संपला विषय. पण तिच्या नावाचं स्पेलिंग शेवटी 'ई वाय' असं आहे आणि वाळूत 'आय ई' लिहिलंय. बॉयफ्रेंड आपल्या मैत्रिणीचं नाव चुकीचं लिहील का? मग लिहिणारा दुसराच कोणीतरी. जपानीत हाच डाव सुझुकी आडनावावर होता, तिचं सुझुकी ज्या चिन्हांनी लिहितात ती वेगळी, आणि वाळूत नेहमीचं, सगळ्यांना माहीत असलेलं. भाषांतर करणाऱ्यांनी ते इंग्लिशमध्ये काय छान बसवलंय बघा. म्हणजे ज्या गेमची सुरुवातच 'एका अक्षराची चूक म्हणजे पुरावा' इथून होते, त्याच गेममध्ये पुढे टायपोच टायपो. मी तर प्रत्येक टायपोवर थांबायचे. साक्षीदार काहीतरी वेडंवाकडं बोलला की ही त्याची थाप आहे की प्रूफ तपासणारा झोपला होता? दोन-तीनदा तर मी निव्वळ टायपोवर ऑब्जेक्शन मारलं आणि जजने माझी हिरवी पट्टी कापली (ह्या भागात चुकलं की लाइफ बार कमी होतो), आता सांगताना हसू येतं, तेव्हा भयंकर चिडले होते.

आणि शेवटची केस, तिथे तर सगळा डाव सर्वनामावर. भाडोत्री मारेकरी साक्ष देतो, मला सुपारी एड्रियन अँड्र्यूजने दिली म्हणून. पण बोलता बोलता तो एड्रियनबद्दल पुरुष असल्यासारखं बोलून जातो, आणि एड्रियन तर बाई आहे. म्हणजे ह्याने तिला कधी बघितलेलंच नाही. एका शब्दात साक्ष फुटली.

हे बघून मला वाटलं होतं की कोणीतरी हा गेम मराठीत आणायला पाहिजे, आणि मग बसून विचार केला तर घाम फुटला. जपानीत 'निगेता' म्हटलं की पळणं झालं, कोण पळालं ते सांगायची गरजच नाही, बाई की पुरुष तेही नाही. इंग्लिशमध्ये पुरुषासाठी 'ही' किंवा बाईसाठी 'शी' कुठेतरी टाकावं लागतं. आणि मराठीत? "खून केला" इथपर्यंत चालतं, कारण केला हे खुनाला लागतं, करणाऱ्याला नाही. पण पुढच्याच वाक्यात पळाला की पळाली हे सांगावंच लागतं, आदरार्थी करायला गेलं तरी पळाले किंवा पळाल्या. मग पेपरवाल्यांसारखं "अज्ञात व्यक्ती पळाली" लिहीत बसायचं. मारेकऱ्याची ती साक्ष मराठीत लिहिली असती तर प्रत्येक क्रियापदात तो पकडला गेला असता, मग केस कसली आणि ऑब्जेक्शन कसलं. तेव्हापासून त्या भाषांतरवाल्यांना मी जरा कमी शिव्या घालते.

अजून एक, कथा त्यांनी जपानमधून उचलून लॉस एंजेलिसला नेली. हिरोचं मूळ आडनाव नारुहोदो, म्हणजे "अच्छा, असं होय", त्याचं राइट केलं, ते मस्तच. हिरोची मदतनीस माया, तिचा रामेन (जपानी नूडल्स) जाऊन बर्गर आला, तेही ठीक. पण दुसऱ्या भागात तिचं गाव दाखवायची वेळ आली, डोंगरातलं, आत्म्यांना अंगात बोलावणाऱ्या बायकांचं, आणि हे म्हणे कॅलिफोर्नियात! फॅन लोक ह्याला जपानीफोर्निया म्हणतात. मला ते आवडतं खरं तर, खोटं आहे हे सगळ्यांना माहीत असलेलं खोटं.

तर उत्तर असं. क्रमाने खेळा, पहिला दुसरा तिसरा, २०१९ पासून तिन्ही एकत्र पीसीवर आणि स्विचवरही मिळतात. दुसरा सोडलात तर तिसऱ्यातली आत्म्यांची भानगड अर्धी डोक्यावरून जाईल. टायपो दिसला की लगेच ऑब्जेक्शन मारू नका, आधी कोर्ट रेकॉर्ड, म्हणजे गेममधली पुराव्यांची यादी, उघडून बघा. आणि मधली सर्कशीची केस अतिशय कंटाळवाणी आहे, ती कशीबशी ढकला, तिथे मात्र भाषांतराचा काही दोष नाही, मुळातच तशी आहे.