टक्के कशाचे?

मालाच्या विक्री किमती ठरवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वाटलं, शेकडेवारी तर शाळेतच झाली आहे. खरेदीवर 40 टक्के चढवायचे, सेल लागला की 30 टक्के सवलत द्यायची, 10 टक्के नफा हातात. सेल संपल्यावर हिशेबाला बसले तर नगामागे तोटा! तीनदा बेरीज तपासली. बेरीज बरोबरच होती.

मग वहीचं कोरं पान घेतलं आणि खरेदी 100 धरली. 40 टक्के चढवून 140. सवलत या 140 वर, म्हणजे 42. उरले 98. चढवलेले टक्के खरेदीचे होते, सवलतीचे विक्री किमतीचे, आणि मी ते सरळ एकमेकांतून वजा करत होते. त्या दिवसापासून टक्क्यांच्या प्रत्येक आकड्यापुढे 'कशाचे?' असं लिहायला लागले.

मार्कअप (नफा खरेदीच्या किती टक्के) आणि मार्जिन (नफा विक्री किमतीच्या किती टक्के) यांचा गोंधळही त्यातूनच सुटला. 100 ची वस्तू 125 ला विकली तर मार्कअप 25 टक्के, मार्जिन मात्र 20. नफा तोच, पण मार्जिन काढताना भागायचं 125 ने. विक्रीवर 40 टक्के मार्जिन हवं असेल तर 100 ला 1.4 ने गुणून चालत नाही; खरेदी ही विक्रीच्या 60 टक्के असायला हवी, म्हणून 0.6 ने भागावं लागतं: 166.67. हे पचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. किंमत ठरवणाऱ्याने आधी हेच शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे सगळं गुणाकारातच मांडू लागले. 20 टक्के सवलत म्हणजे 0.8, त्यावर आणखी 10 टक्के म्हणजे 0.9, दोन्ही मिळून 0.72, म्हणजे सवलत 28 टक्के, 30 नव्हे.

विक्रीकराशी मात्र जपून. 200 च्या वस्तूवर 25 टक्के सवलत आणि 10 टक्के कर असेल, तर आधी काहीही करा, ग्राहक 165 च देतो. पण त्या 165 मधून सरकारला भरायचा कर सवलतीनंतरच्या किमतीवर धरला तर 15, आधीच्या किमतीवर धरला तर 20. नियम काय आहे ते पाहूनच बिल करावं. आणि करासह 110 मधला कर काढताना 110 चे 10 टक्के घेऊ नयेत, ते 11 होतात, 1.1 ने भागलं की मूळ 100 मिळतात, कर 10.

पुढच्या सेलआधी हिशेब उलटा मांडला. 30 टक्के सवलत देऊनही 100 मागे 105 हवेत. 105 भागिले 0.7. लेबलवर 150 लिहिलं.