डीजीमागचा पाचोळा

आमच्या सोसायटीत बागा दोन. पुढची गेटमधून येणाऱ्या पाहुण्यांसाठी: लॉन, कायम बंद असलेलं कारंजं आणि पट्टी लावून कापल्यासारखी मेंदीची कुंपणं. मागची म्हणजे डीजीच्या, अर्थात डिझेल जनरेटरच्या, खोलीमागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून उरलेला पंधरा-वीस पावलांचा पट्टा. तिथे एक देशी बदाम, एक अर्धा वाळलेला गुलमोहर, कोणी कधी लावला ते कुणालाच आठवत नाही असा कढीपत्ता, एक लिंबू आणि घाणेरीचं रान. ठाण्यात घोडबंदर रोडच्या आजूबाजूला राहणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल. गच्चीवर गेलं की येऊरचे डोंगर, खाली उतरलं की पेव्हर ब्लॉक.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. पाऊस नुकताच गेलेला, उकाडा मी म्हणत होता. पोह्यांसाठी मागच्या झाडाची कढीपत्त्याची डहाळी तोडून आणली, ओट्यावर ठेवली, पानं ओरबाडायला घेतली, तर एका पानावरची चिमणीची शीट चालायला लागली. काळपट तपकिरी, मधे पांढरा चट्टा, हुबेहूब शीट. बोट लावलं तर डोक्यामागून दोन टोकांचं ओलं शिंग बाहेर आलं आणि एक उग्र वास सुटला. ही कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी, हे तोवर फोटोत पाहिलं होतं. आपल्या ओट्यावर पाहणं वेगळं. चपला घालून खाली गेले, डहाळी झाडाला दोऱ्याने बांधून आले. पोहे त्या दिवशी कढीपत्त्याशिवाय झाले आणि घरात त्यावर चर्चाही झाली.

तिसऱ्या दिवशी बघायला गेले तर झाडच नाही. म्हणजे गुडघ्याएवढं खोड होतं, वरचं सगळं गायब. घाणेरी तासलेली, जमीन खरवडून झाडलेली, आणि डीजीच्या खोलीआड पाल्याचा ढीग धुमसत होता. माळीदादा खुशीत होते. "ताई, दिवाळीला सगळं चकाचक केलंय बघा."

त्यांना काय बोलणार? त्यांना सांगितलेलं काम त्यांनी चोख केलं होतं.

थंड देशांत हिवाळ्यात बागेतल्या जिवांना गारठा मारतो. म्हणून तिकडे पक्ष्यांना दाणे घालतात, साळिंदरासारख्या काटेरी हेजहॉगला पाल्याचं घर करून देतात. आपल्याकडे गारठ्याचं नाव कशाला घ्यायचं? ठाण्यात जानेवारीतसुद्धा स्वेटर दोन-चार दिवसच कपाटाबाहेर येतो. इथल्या बागेचा हिवाळा वेगळा. पाऊस संपला की फुलपाखरांची चंगळ असते, सप्टेंबर-ऑक्टोबरात ती सगळ्यात जास्त दिसतात. नेमक्या त्याच वेळी आपण दिवाळीची साफसफाई काढतो, डासांसाठी धूर करतो, पेस्ट कंट्रोल बोलावतो, झाडं छाटतो. पुढे डबकी आटतात, गवत वाळतं, आणि प्यायला पाणी कुठे मिळेल तर एसीच्या पाइपखाली. आमच्या पट्ट्यातल्या जिवांचा हिवाळा दिवाळीलाच सुरू व्हायचा, आणि तो आणायचो आम्ही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ओवळ्याला ओवळेकर वाडी या फुलपाखरांच्या बागेत जाऊन आले. तिथे फिरताना एक साधी गोष्ट डोक्यात बसली. मी इतकी वर्षं बाल्कनीत इक्झोरा आणि पेंटास लावून फुलपाखरांची वाट बघत होते, ते म्हणजे गावात नुसतं उडपी हॉटेल काढून वस्ती होईल अशी आशा धरण्यासारखं होतं. फुलातला रस मोठ्यांसाठी. अंडी घालायला प्रत्येकीला तिचंच झाड लागतं: मॉर्मनला कढीपत्ता नाहीतर लिंबू, प्लेन टायगरला रुई, रेड पिएरोला पानफुटी, आणि टेल्ड जेला तो उंच सरळसोट अशोक, जो प्रत्येक बिल्डर गेटपाशी ओळीने लावतो. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, 2015 मध्ये जाहीर झालेलं, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. म्हणजे नवीन काही लावायची गरजच नव्हती. जे होतं ते कापायचं नव्हतं, बस्स.

हे "बस्स" कमिटीकडून मंजूर करून घ्यायला तीन आठवडे लागले.

रीतसर अर्ज दिला. विषय: मागील बागेतील पालापाचोळा न उचलणेबाबत. मीटिंगमध्ये तो वाचला गेला तेव्हा खजिनदारांनी "न" हा टायपो आहे का असं विचारलं. मग सुरू झालं. साप येतील. डास होतील. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना एवढंच हवं होतं की मी कबुतरांना दाणे घालणार नाही ना. दादरच्या कबुतरखान्याचा वाद ताजा होता आणि त्यांच्या एसीच्या जाळीवर आधीच तीन जोड्या नांदत होत्या. दाणे कुणालाच घालणार नाही, हे मी तिथल्या तिथे कबूल केलं. मनापासून केलं. आपल्या शहरात दाणे टाकले की येतात कबुतरं आणि उंदीर. शिंजीर, शिंपी, दयाळ या पक्ष्यांना त्या दाण्यांचा काही उपयोग नाही, त्यांना किडे लागतात. आणि उंदरांमागे धामण येते, हा मुद्दा मी सापवाल्यांसाठी राखून ठेवला होता.

फुलपाखरांनी मात्र कुणाचं मन पाघळलं नाही. पाघळलं दंडाने. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर पंचवीस हजार, हा राष्ट्रीय हरित लवादाचा 2016 चा आदेश मी छापून नेला होता. धुमसत्या ढिगाचा मोबाइलवरचा फोटो त्याच्या शेजारी ठेवला. सेक्रेटरी काका चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे जाळायचा नाही, आणि उचलायला टेम्पोवाला पैसे मागतो." त्यावर खजिनदार म्हणाले, "मग राहू दे ना तिथेच." ठराव मंजूर. मुदत होळीपर्यंत, प्रायोगिक तत्त्वावर. मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि इमारतीच्या भिंतीपासून पाचोळा लांब, फक्त कंपाउंडकडच्या बाजूला, अशी अट त्यांनी घातली. ती रास्त होती.

आता माझी चूक सांगते, कारण या सगळ्यात जो खरा घोळ झाला तो मीच घातला.

पाण्याची सोय करायची म्हणून मी घरातली जुनी स्टीलची परात नेऊन ठेवली. पहिल्याच दुपारी तिच्यात फुलोरी मधमाशा बुडून मेलेल्या दिसल्या, सहा-सात. गुळगुळीत काठावरून घसरल्या की त्यांना वर येता येत नाही. परात बदलून मातीचं पसरट भांडं आणलं, त्यात खडे आणि नारळाच्या करवंटीचा तुकडा उपडा ठेवला. मधमाशा खड्यावर बसून तोंड लावायला लागल्या, बुलबुल अंघोळीला यायला लागले, मी खूश. रिकामी परात मात्र तिथेच भिंतीशी टेकवून ठेवली, उद्या नेऊ म्हणून. ती आडवी पडली, बागेच्या पाइपाचं पाणी तिच्यात साचलं, आणि आम्ही चार दिवस गावाला. परत आले तर डास तपासणीचा कर्मचारी सेक्रेटरी काकांना घेऊन परातीपाशी उभा. त्याने टॉर्च मारला. आत अळ्या वळवळत होत्या, आणि या अळ्या फुलपाखराच्या नव्हत्या.

काका काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

त्या कर्मचाऱ्याने मात्र नीट समजावलं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पण त्याची अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याला चिकटलेली असतात, आणि भांडं कोरडं पडलं तरी महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून नवं भरलं तर काम अर्धंच होतं, आतून घासायलाच हवं. तेव्हापासून रोज सकाळी सातला मी काथ्या घेऊन ते भांडं घासते. बोटाने कड चाचपून बघते, खरखरीत लागली की परत घासते. गावाला जाताना भांडं पालथं घालून जाते. डेंग्यूचा धूर थांबवा असं म्हणायला मी गेले नाही आणि जाणारही नाही. पण सोसायटीचा खासगी पेस्ट कंट्रोलवाला दर महिन्याला कुंपणावर जे फवारत होता, ते बंद झालं. घरात झुरळांसाठी जेल, गटारात औषध, झाडांवर काही नाही. सायपरमेथ्रिनला डास आणि मधमाशी यांतला फरक कळत नाही, एवढं एक वाक्य पुरलं. पैसेही वाचले, हे खजिनदारांनी स्वतःहून सांगितलं.

डिसेंबरात पाचोळ्याला रहदारी सुरू झाली. सातभाईंची टोळी रोज साडेआठला येऊन पानं उलथीपालथी करायची, आवाज असा की शाळेची रिक्षा आली वाटावं. एक नारिंगी डोक्याचा कस्तुर महिनाभर राहिला. तो गुपचूप, एकेक पान चोचीने उचलून बाजूला टाकणारा, टेबल आवरणाऱ्या वेटरसारखा. सापसुरळ्या होत्याच. पाचोळ्याखाली हात घातला की वरच्या उकाड्यातसुद्धा माती गार आणि ओली लागायची. पैसा किडे, गोगलगायी, गोमी सगळे तिथे मुक्कामाला. सरपटणारा साप दोन महिन्यांत एक दिसला, नानेटी, पेन्सिलीपेक्षा थोडी जाड. माळीदादांनी ती आधी मला दाखवली, मग झाडू बाजूला ठेवला.

गुलमोहराच्या वाळक्या फांदीवरून एकदा खटका उडाला. कमिटीला ती तोडायची होती, जानेवारीत तिथे तांबट पक्षी भोक कोरताना दिसला. खाली गाड्या लागत नव्हत्या म्हणून फांदी वाचली, आणि झाड छाटायला 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी काढावी लागते, या कंटाळ्याचाही त्यात वाटा आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी झाडांत अडकलेला मांजा गोळा केला, पिशवी भरून. नायलॉनच्या मांजावर 2017 पासून बंदी आहे. पिशवीत तोच होता.

कढीपत्ता तोवर गुडघ्यावरून छातीपर्यंत आला होता. कोवळी पालवी फुटली की मॉर्मनची मादी येतेच. तिचंही एक सोंग असतं: तिच्यातल्या काही जणी कॉमन रोज या विषारी फुलपाखराचा वेश घेतात, लाल ठिपक्यांसकट, म्हणजे पक्षी वाटेला जात नाहीत. चिमणीच्या शिटेसारख्या तीन अळ्या झाल्या, मग त्या हिरव्यागार, करंगळीएवढ्या. दोन कुठे गेल्या कळलं नाही, बहुधा शिंप्याच्या पोटात. तिसरी एका संध्याकाळी झाडावरून उतरून भिंतीवर चढली आणि जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर थांबली. सकाळी पाहिलं तर कोष. शेपटीकडून भिंतीला चिकटलेला, आणि कमरेला एकच रेशमी दोरा, नारळाच्या झाडावर चढणारा माणूस दोराला रेलतो तसा मागे रेललेला.

आणि दुसऱ्या दिवशी रंगारी. 26 जानेवारीच्या झेंडावंदनासाठी कंपाउंड रंगवायचं ठरलेलं, मला पत्ताच नाही. नोटीस बोर्ड मी वाचत नाही. धावत खाली गेले तर सेक्रेटरी काका आधीच तिथे उभे, कोषाभोवती खडूने वीतभर चौकोन आखत होते. रंगाऱ्याला सांगत होते, "एवढं सोड. बाकी भिंत तुझी."

मग ते रोज मॉर्निंग वॉकनंतर बघून जायला लागले. "आलं का हो बाहेर?" उकाड्याच्या दिवसांत दहा-बारा दिवसांचं काम, थंडीत लांबतं, असं मी सांगायची. पंधरा दिवस गेले. कोष हिरव्याचा तपकिरी झाला, त्याला काकांनी शुभशकुन मानलं. मला शंका आली, कारण बाहेर यायच्या आदल्या दिवशी कवचातून पंखांचा रंग दिसतो आणि इथे काहीच दिसत नव्हतं. अठराव्या सकाळी कोषाला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक होतं. त्यातून मुंगीपेक्षा लहान, काळसर हिरव्या चकाकत्या माशा एकेक करून बाहेर येत होत्या, पंख पुसत, भिंतीवर पसरत. अळी कोषात जाताच कुणीतरी तिच्यात अंडी घालून गेली होती. मी मोजायला लागले आणि चाळिसाला सोडून दिलं.

काका बराच वेळ वाकून बघत होते. "म्हणजे आपण इतके दिवस यांना सांभाळलं?"

"हो."

"यापण बागेतल्याच?"

"यापण. या नसत्या तर कढीपत्त्याला पान उरलं नसतं."

ते सरळ झाले, पाठीवर हात ठेवून. मग माळीदादांना हाक मारून म्हणाले की पाचोळ्यावर थोडं पाणी मार, फार सुकलाय. होळी होऊन गेली आहे, प्रयोगाची मुदत संपली आहे, मीटिंगमध्ये तो विषय कुणी काढलेला नाही. रंगारी उरलेला रंग घेऊन मधे एकदा आला होता, तो चौकोन भरून देऊ का विचारायला. काकांनी त्याला पुढच्या कारंज्याकडे पाठवलं.